दगडांवरच्या तारखा : वॉर्सा, बुधवार ते शनिवार

बुधवार, ३० जुलै

आपल्याकडून पोलंडला येणारी मंडळी बहुधा क्राकूव्हला जातात आणि वॉर्साला जाता-येता एक रात्र टेकतात. आमची लेक इथे शिकते. सुट्टीत ती एका कंपनीत इंटर्नशिप करत होती, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघं मोकळे. तिनेच आमच्यासाठी रोज एक या हिशेबाने पायी सहली शोधून ठेवल्या होत्या, सगळ्या विसाव्या शतकावरच्या. "आई, इथे त्याआधीचं फारसं काही उरलेलंच नाही," ती म्हणाली. ते किती शब्दशः खरं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं.

जुन्या गावाच्या तोंडाशी झिगमुंट राजाचा खांब आहे. बऱ्याच सहली तिथूनच सुटतात. तिकीट नसतं. शेवटी आपल्याला वाटेल ते गाईडच्या हातावर ठेवायचं. आमची गाईड पस्तिशीची, इतिहास शिकलेली, खणखणीत आवाजाची. तिने सुरुवातीलाच सांगितलं, की या शहरात कुठलाही दगड बघाल तर दोन तारखा विचारा : घटना कधी घडली आणि दगड कधी बसवला. मग हाताशीच असलेल्या खांबापासून सुरुवात केली. खांब १६४४ चा. सप्टेंबर १९४४ च्या सुरुवातीला जर्मन तोफेने तो पाडला. वरचा राजा थोडाफार मोडून का होईना वाचला. त्याला १९४९ साली नव्या खांबावर चढवलं. जुन्या खांबाचे तुकडे राजवाड्याच्या भिंतीलगत गवतावर आडवे ठेवलेत. त्यांवर मुलं चढून बसतात आणि कोणी हटकत नाही.

मागचा लालसर राजवाडाही तसाच. १९३९ मध्ये बाँबने जळाला, १९४४ मध्ये सुरुंगाने उडवला. कम्युनिस्ट सरकारला राजाचा वाडा बांधायची घाई नव्हती, म्हणून १९७१ पर्यंत तिथे मोकळी जागाच होती. मग लोकवर्गणीतून काम सुरू झालं आणि १९८४ मध्ये वाडा बघायला खुला झाला. म्हणजे हा 'प्राचीन' वाडा माझ्या लग्नाच्या शालूपेक्षा थोडाच जुना.

चौकाकडे जाताना दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, हिरवट घरं, कोरीव दारं. सगळं १९४५ नंतरचं. युद्धाआधी वॉर्साची वस्ती तेरा लाखांच्या आसपास होती. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हा नदीच्या डाव्या तीरावरच्या साधारण ८५ टक्के इमारती जमीनदोस्त होत्या. राजधानी लॉज नावाच्या शहरात हलवावी असाही विचार झाला, पण लोक ढिगाऱ्यांत परतून राहायला लागले होते. राजधानीच्या पुनर्रचनेसाठी त्याच वर्षी एक कचेरी उघडली. वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी आणि जर्मन अंमलात चोरून केलेली मोजमापं, नकाशे तिच्या कामी आले. शिवाय बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात इथल्या राजासाठी काढलेली शहराची चित्रं होतीच. मामाचं 'कानालेत्तो' हे नाव तोही लावायचा, म्हणून इथे त्याला त्याच नावाने ओळखतात. त्याची चित्रं फार बारकाईची, पण कुठे कुठे त्याने मनाने भर घातलेली. त्यामुळे काही घरं आज खऱ्या जुन्या घरांपेक्षा चित्रांतल्या घरांशी जास्त मिळतात. बाजारचौक २२ जुलै १९५३ ला खुला झाला. १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते जुनेपणासाठी नाही, पुन्हा उभं करण्याच्या कामासाठी.

विटा देशभरातून आल्या, त्यातल्या पुष्कळ व्रोत्स्वाफसारख्या, युद्धाआधी जर्मनीत असलेल्या शहरांतून. 'सगळं राष्ट्र आपली राजधानी बांधतं आहे' ही तेव्हाची घोषणा. आमच्या गटातला एक पोलिश म्हातारा हे ऐकून हसला आणि म्हणाला, आमच्या गावच्या विटा काढून नेल्या, त्या काही आम्ही दिल्या नव्हत्या. गाईडनेही मान डोलावली.

कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत एक लोखंडी साखळी बसवली आहे. १९४४ मध्ये शहराने जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावाच्या वेळी जर्मनांनी स्फोटकं भरून सोडलेल्या, दुरून चालवायच्या वाहनाची ती साखळी. हे तिच्यापाशी बराच वेळ रेंगाळले. यांची सगळी नोकरी कारखान्यात गेली, लोखंड दिसलं की पाय निघत नाही.

गुरुवार, ३१ जुलै

आज 'कम्युनिस्ट वॉर्सा'. सुरुवात संस्कृती आणि विज्ञान प्रासादापासून, कारण तो चुकवताच येत नाही. २३७ मीटर उंच, १९५५ साली पुरा झालेला, सोव्हिएत संघाने 'भेट' दिलेला, सोव्हिएत मजुरांनी बांधलेला. सुरुवातीला त्याला स्टालिनचं नाव होतं. शहरातला सगळ्यात सुंदर देखावा याच्या गच्चीवरून दिसतो, कारण तिथून हा दिसत नाही, हा विनोद प्रत्येक गाईड सांगतो. आमच्याही गाईडने सांगितला आणि आम्ही हसलो. १९८९ नंतर तो पाडावा म्हणणारे पुष्कळ होते. आत नाट्यगृहं, संग्रहालयं, कचेऱ्या, पोहण्याचा तलाव आहे, त्यामुळे शहराला तो सोडवत नाही. मला तो आवडला. हे बोलून दाखवल्यावर गाईडचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पण त्याच आवारात तिने सांगितलेली दुसरी गोष्ट डोक्यातून जाईना. यानुश कोर्चाक हे डॉक्टर आणि लेखक ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवत. जर्मनांनी ज्यूंना घेट्टोत, म्हणजे भिंत घातलेल्या कोंडवाड्यात, कोंडल्यावर आश्रमाची जागा बदलत गेली आणि शेवटची जागा होती याच परिसरात. तिथे १८ जुलै १९४२ ला मुलांनी एक नाटक केलं : रवींद्रनाथांचं 'डाकघर'. खोलीबाहेर पडायला मनाई असलेला आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते. कोंडलेल्या मुलांसाठी कोर्चाकांनी हेच का निवडलं, हे विचारायची गरज गटातल्या कुणालाच वाटली नाही. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलं स्टेशनाकडे चालत गेली. कोर्चाकांना स्वतःचा जीव वाचवायची संधी होती, ती नाकारून ते मुलांबरोबर गेले. प्रासादाशेजारच्या बागेत त्यांचं स्मारक आहे. घटना १९४२ ची, स्मारक २००६ चं.

पुढे संविधान चौक, १९५२ चा. जाडजूड खांब, दगडात कोरलेले धष्टपुष्ट कामगार, ओतीव दिवे. मग नोव्ही श्व्यात रस्त्याच्या टोकाला कम्युनिस्ट पक्षाचं जुनं मुख्यालय. पक्ष बुडाल्यावर १९९१ मध्ये तिथे शेअर बाजार भरू लागला. कुणी सांगितलं असतं तर बनवलेला किस्सा वाटला असता.

दुपारी 'बार म्लेच्नी', म्हणजे दूधबार. दारू मिळत नाही. सरकारी अनुदानावरची स्वस्त खानावळ, कम्युनिस्ट काळापासून चालत आलेली. फळ्यावर लिहिलेलं वाचायचं, आधी पैसे भरायचे, पावती खिडकीत द्यायची आणि ताट स्वतः उचलून आणायचं. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेल्या पिरोगी म्हणजे उकडलेल्या तिखट करंज्याच, फक्त तिखट नाहीत. यांनी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. काउंटरवरच्या बाईंनी वास घेतला आणि मान हलवून परत दिली.

जेवताना गाईडने १९८१ च्या डिसेंबरचं सांगितलं. तेरा तारखेला कम्युनिस्ट सरकारचे प्रमुख जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारला. लोक रविवारी सकाळी उठले तर फोन बंद, रस्त्यावर बर्फ आणि चिलखती गाड्या. दुकानांत फळ्यांवर व्हिनेगर तेवढं असायचं. मांस, साखर कार्डावर. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभं राहणारी माणसं असत. तिच्या आजोबांनी निवृत्तीनंतर हेच केलं होतं. रांगेत त्यांची चार माणसांशी दोस्ती झाली आणि ती मरेपर्यंत टिकली.

शेवट राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादापाशी. याच इमारतीत मे १९५५ मध्ये सोव्हिएत गटातल्या देशांच्या लष्करी युतीच्या, म्हणजे वॉर्सा करारावर सह्या झाल्या आणि याच इमारतीत १९८९ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधातली कामगार संघटना गोल टेबलाभोवती बसले. जूनमधल्या निवडणुकीत सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, १०० जागांपैकी ९९ सॉलिडॅरिटीने घेतल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेर नवरानवरीचे फोटो चालले होते.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आजची तारीख साधून लेकीने रजा काढली होती. १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता इथे उठाव सुरू झाला. पाचची वेळ मुद्दाम निवडली होती : कामावरून सुटलेल्यांची रस्त्यांवर गर्दी असते, त्यात हजारो पोरं इकडून तिकडे गेली तरी संशय येत नाही. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी निष्ठा असलेली भूमिगत सेना, आर्मिया क्रायोवा, लढायला उतरली. रशियन नदीपलीकडे येऊन ठेपले होते. ते शिरण्याआधी राजधानी आपण सोडवायची, म्हणजे शहराचे धनी कोण हे सांगता येईल, हा हिशेब. काही दिवसांची लढाई होईल असं धरलं होतं, ती ६३ दिवस चालली. रशियनांची आगेकूच थांबली. मदतीचं सामान टाकायला इटलीहून येणाऱ्या विमानांना सोव्हिएत तळांवर उतरू द्यायलाही स्टालिनने बराच काळ नकार दिला. २ ऑक्टोबरला शरणागती. दीड ते दोन लाख नागरिक गेले. एकट्या वोला भागात पहिल्या आठवड्यात घराघरांतून लोकांना बाहेर काढून हजारोंनी गोळ्या घातल्या. मग रिकाम्या शहरात जर्मन पथकं रस्त्यामागून रस्ता जाळत आणि उडवत फिरली.

सकाळी उठावाचं संग्रहालय, वोलातल्याच एका जुन्या ट्राम-वीजकेंद्रात. आज तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आत गटाराची नक्कल आहे, वाकून जायची. जुनं गाव पडल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला पाच हजारांवर माणसं, जखमींसह, खऱ्या गटारांतून शहराच्या मध्यभागी निसटली. नक्कल कोरडी, स्वच्छ आणि दिवे लावलेली आहे. तरी मला मध्येच परत फिरावंसं वाटलं. पाठीमागून शाळकरी पोरांचा घोळका ढकलत होता, म्हणून बाहेर पडले.

नंतर क्रासिन्स्की चौकातलं मोठं स्मारक पाहिलं : कोसळत्या भिंतीखालून धावणारे सैनिक आणि मॅनहोलमध्ये उतरणारे काहीजण. गटाराचं खरं तोंड तिथून हाकेच्या अंतरावर. घटना १९४४ ची, स्मारक १ ऑगस्ट १९८९ चं. मधली ४५ वर्षं का लागली? कारण लढले ते 'चुकीच्या' बाजूचे. युद्धानंतर आर्मिया क्रायोवाच्या माणसांना तुरुंग मिळाले. विटोल्ड पिलेत्स्की हा माणूस ऑशविट्झची बातमी बाहेर काढण्यासाठी आपण होऊन तिथे कैदी झाला, तिथून निसटला, उठावात लढला आणि मे १९४८ मध्ये स्वतःच्याच देशाच्या सरकारने त्याला वॉर्साच्या तुरुंगात गोळी घातली.

उठाव करायला हवा होता का, यावर इथे आजही घराघरांत भांडणं होतात. आजच्या गाईडचे वडील म्हणायचे, दोन लाख माणसं आणि अख्खं शहर घालवून काय मिळवलं? आजी त्यावर जेवणाच्या ताटावरून उठून जायची. गाईडने स्वतःचं मत दिलं नाही. माझं मत वडिलांच्या बाजूने झुकतं. लेकीचं आजीच्या. ट्राममध्ये आमचा वाद रंगला, शेवटी हे म्हणाले, "आता मराठीत तरी हळू भांडा."

पाचला आम्ही संस्कृती प्रासादाजवळच्या मोठ्या चौकात उभे होतो. बरोबर पाचला भोंगे वाजले आणि सगळं थांबलं. ट्राम, बस, सायकलवरून जेवण पोहोचवणारी पोरं, सगळेच. लोक गाड्यांतून उतरून उभे राहिले. गर्दीतून लाल ज्योती पेटल्या, धुराने समोरचं दिसेना. मिनिटभर फक्त भोंगा. ते संपताच एका बाजूच्या तरुण टोळक्याने घोषणा सुरू केल्या, त्यांचे झेंडे आणि त्वेष बघून लेक म्हणाली, "चल आई, हे दरवर्षी असतं." उठावाचा वारसा आमचाच म्हणणारे उजवे गट आज मोर्चा काढतात. ज्यांच्यासाठी भोंगा वाजतो त्यांतले समाजवादी, ज्यू, बायका, बालवीर या घोषणांत कुठे बसतात कोण जाणे.

रात्री पिउसूत्स्की चौकात मात्र वेगळं वॉर्सा होतं. दरवर्षी या रात्री लोक जमून जर्मन अंमलातली आणि उठावातली गाणी गातात. गाण्यांची पुस्तिका हातोहात वाटतात, मंचावर वाद्यवृंद असतो, पण गाणारे खाली चौकातले. आजी-आजोबा, कडेवरची पोरं, हातात हात घातलेली जोडपी. काही गाणी चक्क चावट असावीत, कारण म्हाताऱ्या खुदूखुदू हसत होत्या. याच चौकाचं नाव जर्मनांनी ॲडॉल्फ हिटलर चौक ठेवलं होतं. इथला सॅक्सन प्रासाद त्यांनी जाता जाता, डिसेंबर १९४४ मध्ये उडवला. त्याच्या तीन कमानी तेवढ्या राहिल्या, त्यांखाली १९२५ पासूनची अज्ञात सैनिकाची समाधी आहे. आणि इथेच २ जून १९७९ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी, कम्युनिस्ट राजवटीत, लाखोंच्या गर्दीपुढे मिस्सा केली.

शनिवार, २ ऑगस्ट

आज मुरानूव्ह, म्हणजे पूर्वीच्या घेट्टोचा भाग. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून हा कोंडवाडा बंद केला आणि जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या आसपास जागेत चार लाखांवर माणसं कोंबली. आज इथे झाडी आणि तीन-चार मजली शांत इमारती आहेत. नीट बघितलं तर पुष्कळ इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं. तो उंचवटा म्हणजे घेट्टो. ढिगारा इतका होता की उचलता येईना, मग त्याच्याच विटांच्या चुऱ्याचे ठोकळे पाडून ढिगाऱ्यावर वस्ती बांधली. एक बाई पायऱ्यांवर कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांच्या घराखाली काय आहे हे आम्ही वीसजण ऐकत उभे होतो आणि त्या आमच्याकडे बघतही नव्हत्या. रोज किती घोळके ऐकून जात असतील.

घेट्टोतल्या वीरांचं स्मारक १९४८ चं. इथे दोन तारखांमध्ये पाचच वर्षं आहेत. १९ एप्रिल १९४३ ला, ट्रेब्लिंकाकडच्या गाड्यांनंतर उरलेल्या ज्यूंनी मोजक्या पिस्तुलांवर आणि पेट्रोलच्या बाटल्यांवर लढाई सुरू केली. मेच्या मध्यापर्यंत ती चालली. स्मारकाचा काळा दगड जर्मनांनी स्वतःच्या विजयस्मारकांसाठी स्वीडनमधून मागवला होता. याच पायरीवर ७ डिसेंबर १९७० ला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट पुष्पचक्र ठेवून एकाएकी गुडघ्यांवर बसले.

तिथून मिवा रस्त्यावरचा १८ नंबर. हा लढवय्यांच्या तळघराचा टेकाडवजा ढीग, त्यात त्यांचा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच आणि त्याचे साथी अजून गाडलेले आहेत. मग उमश्लागप्लात्झ, गाड्या सुटायच्या ती जागा. पांढऱ्या भिंतीवर ४४८ नावं आहेत, आडनावं नाहीत. अब्राहाम वगैरे, अ पासून वर्णक्रमाने. एक नाव म्हणजे त्या नावाची सगळी माणसं. या भिंतीला १९८८ उजाडलं.

इथून चालत दहाएक मिनिटांवर मुरानोव्स्का रस्ता, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या फिरण्यातली सगळ्यात जड जागा. रुळांवर उघडा मालडबा, त्यात दाटीवाटीने क्रूस, आणि रुळांखालच्या स्लीपरांवर गावांची नावं कोरलेली. पूर्वेत मेलेल्यांचं आणि मारले गेलेल्यांचं स्मारक. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या दोनेक वर्षांत लाखो माणसं बायकापोरांसकट मालडब्यांत भरून सायबेरियात, कझाकस्तानात धाडली. १९४० मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि कैदी मारले. कम्युनिस्ट राज्यात यातलं काही उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून दगड १९९५ चा. क्रुसांच्या गर्दीत ज्यूंची, मुसलमानांचीही खूण आहे.

असल्याच डब्यांतून गेलेली काही माणसं पुढे आमच्या गावाला, कोल्हापूरला आली. म्हणून मला इथे उभं राहायचं होतं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा स्टालिनला पोलिश लोक मित्र म्हणून हवे झाले आणि हद्दपारांना सुटका मिळाली. जनरल आन्देर्स यांनी त्यांतून उभारलेल्या पोलिश फौजेबरोबर बायकामुलं इराणात उतरली आणि तिथून जगभर पांगली. काही शेकडो मुलं जामनगरजवळ बालाचडीला गेली. आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं असं अख्खं गाव त्यांनी तिथे वसवलं आणि १९४८ पर्यंत राहिली. त्यानंतर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आज आम्ही ज्याला गांधीनगर म्हणतो आणि दिवाळीआधी कापडखरेदीला जातो ते हेच.

स्मारकापासून आन्देर्स यांच्याच नावाच्या रस्त्याने दक्षिणेला गेलो. कम्युनिस्ट काळात हा रस्ता नोवोत्को या त्यांच्या पुढाऱ्याच्या नावाने होता. क्रासिन्स्की बागेच्या कडेला मोंते कासिनोचं स्मारक आहे, शिर नसलेली विजयदेवता, १९९९ चं. मे १९४४ मध्ये आन्देर्सच्या सैनिकांनी इटलीतला तो मठ घेतला. त्याआधी त्याच डोंगरावर आपली चौथी भारतीय डिव्हिजन झुंजून मागे आली होती. या स्मारकाशेजारीच आमच्या गावाची आठवण : वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचा फलक. बसवला २०१७ मध्ये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान इथे फुलं वाहून गेले, तेव्हा कोल्हापुरातल्या वर्तमानपत्रांत फोटो झळकला होता.

सहल खरं तर आधीच संपली होती, पण गाईड आमच्याबरोबर मुद्दाम आली. फलक तिला माहीत होता. वळिवड्याहून निघालेल्या कितीजणांनी पोलंडला न परतता इंग्लंड, अमेरिका गाठली हेही माहीत होतं, कारण त्यांची पूर्वेकडची घरं तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती. पण छावणीचं पुढे काय झालं ते ठाऊक नव्हतं. मी तिला गांधीनगरच्या साड्यांची दुकानं, महावीर गार्डनमधला पोलिश स्तंभ आणि कोल्हापुरातली पोलिश दफनभूमी सांगितली. ती टिपून घेत होती. टिप मात्र तिने पूर्ण घेतली, आणि घ्यायलाच हवी होती.

दुपारी ट्रामने ओखोताला गेलो. तिथे 'चांगल्या महाराजांचा चौक' आहे, बालाचडीच्या मुलांना आसरा देणाऱ्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या नावाचा. म्हणजे छोटी बागच, बाकांवर कुत्री घेऊन बसलेली माणसं. जामसाहेबांच्या नावाने इथे शाळासुद्धा आहे. पाच हजार माणसं सांभाळणाऱ्या कोल्हापूरला नुसता फलक आणि त्यांना चौक, शाळा, सगळं, हे मला काही पटेना.

"आई, वळिवड्याचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं," लेक म्हणाली. "जामसाहेबांनी स्वतः पुढे होऊन मुलांना बोलावलं होतं."

"जागा कुणाची होती? पाणी कुणाचं होतं?"

"ट्राम आली," हे म्हणाले.